गाडी एलपीजीवर करायची? आधी पंप मोजा, मग टॅपेट

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१५ ची पेट्रोल वॅगनआर, ९९८ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, साधारण ८५ हजार किलोमीटर झालेले. मिरज ते कोल्हापूर रोजचं जाणं-येणं, म्हणजे दिवसाला शंभर किलोमीटर. पेट्रोल परवडत नाही, सीएनजीच्या रांगेत उभं राहायला वेळ नाही. एलपीजी किट बसवावं का? त्यानं इंजिन खराब होतं का? आणि मेहुण्याच्या भंगारात काढलेल्या गाडीचं किट बारा हजारांत मिळतंय, ते चालेल का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो: ते किट घेऊ नका. का, ते पुढे येईलच. पहिल्या दोन प्रश्नांना मात्र एका शब्दात उत्तर नाही.

किट कुठल्या कंपनीचं, यावर लोक तासन् तास बोलतात. बाजारात लोव्हाटो, बीआरसी, लँडी रेन्झो, टोमासेटो ही इटलीची नावं चालतात आणि मंजुरी असलेलं यातलं कुठलंही किट नीट बसवलं तर नीट चालतं. खरा निकाल तीन गोष्टींवर लागतो. तुमच्या वाटेवर गॅसचा पंप आहे का, इंजिन पेट्रोलवर आज ठणठणीत आहे का, आणि बसवणारा ट्यूनिंगला वेळ देतो का.

पंपापासून सुरुवात करू. एलपीजी पंप महाराष्ट्रात आहेत, पण सगळीकडे सारखे नाहीत. सरकारी तेल कंपन्यांच्या काही पंपांवर मिळतो, शिवाय एजिस, गो गॅस, सुपरगॅस असे खासगी पंप आहेत. गो गॅसवाली कॉन्फिडन्स पेट्रोलियम तर नागपूरचीच. हे पंप मुख्यतः रिक्षांच्या जिवावर चालतात, त्यामुळे जिथे रिक्षा गॅसवर तिथे पंप. मागच्या काही वर्षांत कोल्हापूर-सांगली पट्ट्यात सीएनजी पंप वाढले आणि रिक्षावाले हळूहळू तिकडे वळतायत. म्हणून आज असलेला एलपीजी पंप दोन वर्षांनी असेलच, हे धरून चालू नका. तुमच्या रोजच्या रस्त्यावर किमान दोन पंप हवेत. एकच असेल तर टँकर आला नाही त्या दिवशी तुम्ही पेट्रोलवर. आठवडाभर येता-जाता त्या पंपांवर थांबा, भाव विचारा, गॅस संपला म्हणून परत पाठवतात का ते बघा. रिक्षावाल्यांना विचारलंत तर याहून खरी माहिती मिळेल.

आता हिशोब. पेट्रोलचा एक लिटर आणि एलपीजीचा एक लिटर यांत ताकद सारखी नसते. एलपीजी हलका, लिटरला साधारण ५४० ग्रॅमच भरतो. पेट्रोल ७४० च्या आसपास. त्यामुळे लिटरमागचं ॲव्हरेज वीस ते पंचवीस टक्क्यांनी उतरतं. कितीही भारी किट बसवा, हे उतरणारच. 'गॅसवर पण पेट्रोलइतकंच देते' म्हणणारा फिटर भेटला तर चहा पिऊन निघा.

तुमची गाडी हायवेला पेट्रोलवर १७ देते असं धरू. गॅसवर साडेतेरा धरा. पेट्रोल १०४ आणि गॅस ६४ रुपये लिटर मानला, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये १० पैसे, गॅसचा ४ रुपये ७५ पैसे. भाव तुमच्या पंपाचे घाला, पद्धत हीच. फरक दिसतो एक रुपया पस्तीस पैसे. त्यातून सकाळी पेट्रोलवर चालणारे पहिले एक-दोन किलोमीटर आणि फिल्टर-प्लगचा जादा खर्च वजा केला की सव्वा रुपयाच्या आत येतो. किट, फिटिंग आणि पासिंग मिळून चाळीस हजार लागले तर ते ३३ ते ३५ हजार किलोमीटरनंतर वसूल. तुमचं महिन्याचं रनिंग अडीच हजार, म्हणजे सव्वा वर्ष. हे परवडणारं आहे. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याला मी सरळ नको म्हणतो. त्याचे पैसे पाच-सहा वर्षांनी फिटणार, तोवर गाडी विकलेली असते.

एक सोपी खूण लक्षात ठेवा: गॅसचा भाव पेट्रोलच्या तीन चतुर्थांशाच्या वर गेला की फायदा संपला.

सीएनजीशी तुलना तुम्ही विचारली नाहीत, पण ती टाळून चालणार नाही. नुसत्या इंधनाच्या पैशांत सीएनजी स्वस्त पडतो. हीच वॅगनआर किलोला २३-२४ देते, तेव्हा खर्च चार रुपयांच्या आसपास येतो. पण त्याची टाकी २०० बारच्या दाबाची, जाड पोलादाची आणि वजनदार. डिकी गेलीच समजा आणि मागची स्प्रिंग बसते. एलपीजी टाकीत द्रवरूपात असतो. दाब हवामानाप्रमाणे पाच ते दहा बारच्या घरात, त्यामुळे टाकी हलकी, आणि स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारी गोल टाकीही मिळते. भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. तुम्ही रोज कामावर जाणार, रांगेचा अर्धा तास तुमच्यासाठी पैसाच आहे. म्हणून वाटेवर एलपीजीचे दोन पंप असतील तर एलपीजी, नसतील तर पहाटे लवकर निघून सीएनजी, असं माझं मत.

इंजिन खराब होतं का? गॅसनं थेट होत नाही. एलपीजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, शंभराच्या वर. तो वायुरूपात जळतो, सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढत नाही, ऑइल काळंही कमी पडतं. इंजिन आतून स्वच्छ राहतं. दुखणं येतं ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो तिथे. गॅस कोरडा, आणि मिश्रण जरा जरी लीन (हवा जास्त, गॅस कमी) राहिलं तर सीट तापून हळूहळू झिजते. व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट, कमी होत जातो. गंमत अशी की अशा वेळी टॅपेटचा आवाज वाढत नाही, उलट इंजिन जास्तच गप्प होतं. मालक खूश, आणि एक दिवस गरम इंजिन स्टार्ट होईना, आयडलिंगला थडथड, कॉम्प्रेशन गेलेलं. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, फटीतून जाळ जातो आणि व्हॉल्व्हची कड जळते. जगभर काही होंडा इंजिनं यासाठी कुप्रसिद्ध आहेत, तिथे जास्त जपावं लागतं.

उपाय साधा आहे. किट बसवण्याआधी थंड इंजिनवर फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) सगळे गॅप मोजून लिहून ठेवा. दहा हजार किलोमीटरनंतर एकदा मोजा, मग दर वीस-पंचवीस हजारांनी. एक्झॉस्टचा गॅप मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवायचा. जुन्या ओम्नी, ८०० मध्ये स्क्रूनं टॅपेट सेट व्हायचे, तासाभराचं काम होतं. बकेटवाल्या, म्हणजे वाटीसारखे टॅपेट असलेल्या इंजिनात मापाची बकेट आणून बदलावी लागते, वेळ आणि पैसा दोन्ही जास्त. म्हणून तर आधी मोजायचं. गॅप आत्ताच कमी असेल तर आधी तो दुरुस्त करा, मग गॅसचं बघू.

तसंच प्लग आणि त्याला करंट देणाऱ्या कॉइलचं. गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते. पेट्रोलवर कसंबसं चालून जाणारं दुबळं कॉइल गॅसवर चढाला मिस मारतं, आणि लोक किटला शिव्या घालतात. किटच्या दिवशीच नवे प्लग टाका, गॅप कंपनीच्या मापापेक्षा थोडा कमी ठेवा. एअर फिल्टरही नवा. आजारी इंजिनाला गॅस लावून बरं करता येत नाही. ते आणखी उघडं पडतं.

किट कसलं? तुमच्या गाडीला सिक्वेन्शियलच. जुन्या मिक्सर किटमध्ये थ्रॉटलच्या आधी गॅस हवेत मिसळतो, सगळा इनटेक मॅनिफोल्ड (सिलेंडरांना हवा वाटणारा नळ्यांचा भाग) गॅसनं भरलेला असतो. एक बॅकफायर झाला की एअर फिल्टरचा डबा फुटतो. सिक्वेन्शियलमध्ये प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र गॅस इंजेक्टर. पेट्रोलच्या ईसीयूनं (इंजिनच्या छोट्या संगणकानं) जो पेट्रोल इंजेक्टरला इशारा दिला तो गॅसचा ईसीयू मध्येच अडवतो, त्यात गॅसच्या हिशोबाची दुरुस्ती करतो आणि गॅस इंजेक्टर उघडतो. वाटेत असतो रेड्युसर. टाकीतून तांब्याच्या नळीनं आलेला द्रव गॅस तिथे वायू होतो, आणि वायू होताना प्रचंड थंड पडतो. म्हणून रेड्युसरमधून इंजिनचं गरम कुलंट फिरवतात. सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू होऊन कुलंट तापल्यावरच आपोआप गॅसवर जाते, त्याचं कारण हेच. रेड्युसरला कुलंट नीट मिळालं नाही, त्यात हवा अडकली, तर भर मे महिन्यात त्याच्यावर बर्फ धरतो आणि गाडी धापा टाकते. तो रेडिएटरच्या वरच्या पातळीपेक्षा खाली बसवला आहे ना, हे बॉनेट उघडून तुम्हीसुद्धा बघू शकता.

आता फिटिंगमधली एक जागा जवळून दाखवतो, कारण चांगला फिटर आणि घाईचा फिटर इथेच कळतो. गॅसचे नोझल बसवायला इनटेक मॅनिफोल्डला प्रत्येक सिलेंडरसाठी एक भोक पाडावं लागतं. घाईचा माणूस मॅनिफोल्ड जागेवर ठेवूनच ड्रिल मारतो. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावतो आणि म्हणतो, कीस ग्रीसला चिकटतो. सगळा चिकटत नाही. उरलेला कीस व्हॉल्व्हच्या सीटवर किंवा पिस्टनवर जातो. मॅनिफोल्ड उतरवायला दोन-अडीच तास जादा लागतात, गॅसकेट नवं टाकावं लागतं, पण भोकं टेबलावर पाडून, आटे कापून, आतून हवा मारून स्वच्छ करता येतात. तिन्ही भोकं पेट्रोल इंजेक्टरच्या शक्य तितक्या जवळ, एकाच तिरकसपणानं आणि एकाच अंतरावर हवीत. गॅस इंजेक्टरच्या रेलपासून नोझलपर्यंतचे पाइप आखूड आणि तिन्ही सारख्या लांबीचे. एक पाइप वीत भर आणि दुसरा हातभर असं दिसलं तर आयडलिंग कधीच सरळ होणार नाही. काम देतानाच विचारा, 'मॅनिफोल्ड उतरवणार का?' उत्तरावरून माणूस ओळखा.

ट्यूनिंग लॅपटॉपवर होतं, पण यार्डात उभ्या गाडीवर करून भागत नाही. आधी गाडी पेट्रोलवर रस्त्यावर न्यायची, आयडल, अडीच हजार आरपीएम, तिसऱ्या गियरमध्ये चढ, एसी चालू, अशा सगळ्या अवस्थांत पेट्रोलचा इंजेक्शन टाइम नोंदवायचा. मग त्याच रस्त्यावर गॅसवर. स्क्रीनवर पेट्रोलची आणि गॅसची रेघ एकमेकीवर बसली पाहिजे. सोबत स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघायचे: पेट्रोलवर जो आकडा, त्याच्या चार-पाच टक्क्यांच्या आत गॅसवर. गॅसवर ट्रिम अधिक पंधरा-वीस दाखवत असेल तर मिश्रण लीन आहे, म्हणजे वर सांगितलेली व्हॉल्व्ह सीट जळायला सुरुवात. ॲव्हरेज वाढवून दे म्हणून मागे लागणाऱ्या गिऱ्हाइकाला खूश करायला काही जण मुद्दाम लीन ठेवतात. सहा महिने गिऱ्हाईक खूश असतं. हजार किलोमीटरनंतर दुसरं ट्यूनिंग फुकट करून देणार का, हे आधीच ठरवून घ्या.

टाकीबद्दल लोकांना भीती वाटते ती समजू शकते, पण चुकीच्या जागी वाटते. मंजूर टाकी मजबूत पोलादाची असते, तिच्यावर मल्टिव्हॉल्व्ह असतो. तो ८० टक्क्यांवर भरणं बंद करतो, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. दाब फाजील वाढला तर सोडणारा व्हॉल्व्ह, नळी तुटली तर प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह, इंजिन बंद होताच मिटणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), आणि हातानं बंद करायची चावी, असं सगळं त्यातच. म्हणून ३५ लिटरच्या टाकीत २८ लिटरच भरणार. पंपावाला लुटतो असं समजू नका. २८ लिटरात तुमची साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटरची सोय, म्हणजे चौथ्या दिवशी पंप. पंपावरचा कुणी 'थोडा जास्त बसवतो' म्हणाला तर नको म्हणा.

खरी काळजी गळतीची. एलपीजी हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, खाली साठतो. एक लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. म्हणून डिकीतल्या व्हॉल्व्हवरचा बंद डबा आणि त्यातून गाडीच्या पोटाखाली काढलेली हवेची नळी फार महत्त्वाची. डिकीत जागा होते म्हणून ती काढून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तळघरातल्या पार्किंगमध्ये, सर्व्हिस पिटवर जास्त सावध राहा. वास आला तर स्टार्टर मारू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. दारं उघडा, टाकीवरची चावी बंद करा, गाडी ढकलून उघड्यावर काढा. एरवी दर दोन-तीन महिन्यांनी सांध्यांवर साबणाच्या पाण्याचा फेस लावून बघणं पुरे.

घरचा लाल सिलेंडर लावणारे अजून आहेत, म्हणून तेही सांगतो. तो गुन्हा तर आहेच. घरगुती गॅस वाहनात वापरायला कायद्यानं बंदी आहे. पण नुसता कायद्याचा प्रश्न नाही. किटला द्रव गॅस लागतो, उभा सिलेंडर वायू देतो. म्हणून हे लोक तो आडवा-उलटा टाकतात, रबरी नळी जोडतात. त्याला ८० टक्क्यांचा अडसर नाही, नळी तुटल्यावर रोखणारा व्हॉल्व्ह नाही. आणि घरच्या सिलेंडरातून गाडीच्या टाकीत पंपानं भरताना जी ठिणगी पडते तिच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

कागदपत्रांत आळस करू नका. २००० साली मोटार वाहन कायद्यात बदल होऊन एलपीजीला परवानगी मिळाली, २००१ मध्ये त्याच्या वापराचा स्वतंत्र आदेश निघाला. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते, आणि ती ठरावीक क्षमतेच्या इंजिनांपुरती असते. तुमच्या ९९८ सीसीला ती लागू आहे का, हे प्रमाणपत्रावर स्वतः वाचा. तुमची गाडी बीएस-६ या प्रदूषण निकषाच्या आधीची, म्हणून सोपी; बीएस-६ पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवायला केंद्रानं २०२२ मध्ये परवानगी दिली. फिटर अधिकृत हवा. आरटीओत आरसीवर इंधन 'पेट्रोल/एलपीजी' असं चढवून घ्या. कर्ज बाकी असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. विमा कंपनीला कळवा. किटच्या किमतीवर साधारण चार टक्के आणि थर्ड पार्टीचे साठ रुपये एवढाच जादा हप्ता असतो. न कळवता गाडीला आग लागली तर क्लेम नाकारायला त्यांना तेवढं कारण पुरतं. पीयूसी दोन्ही इंधनांवर काढा.

रोजच्या वापरात एकच सवय लावा. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. गाडी गॅसवर असतानाही बऱ्याच गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीत फिरतच असतो, आणि तो पेट्रोलनंच थंड राहतो. कोरडा फिरला की जळतो, मग गॅसवर वाचवलेले काही महिने तिथेच गेले. पाव टाकी कायम, आणि आठवड्यातून एक फेरी पूर्ण पेट्रोलवर, म्हणजे इंजेक्टर चिकटत नाहीत आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत महिनोन् महिने पडून राहत नाही. गॅसचे फिल्टर दहा ते पंधरा हजारांनी बदला, रेड्युसरचा खालचा बोल्ट सोडून साठलेला तेलकट काळा गाळ काढा. पिकअप किंचित उतरलेला जाणवेल, आंबा घाटात चार माणसं आणि एसी असताना जास्त. तेव्हा स्विच दाबून पेट्रोलवर या, त्यात कमीपणा नाही. कोकणात उतरण्याआधी तर पेट्रोल भरूनच घ्या, तिकडे गॅसच्या पंपाच्या शोधात फिरावं लागेल.

राहिलं मेहुण्याचं किट. टाकीवर क्रमांक आणि चाचणीची तारीख कोरलेली असते, दर पाच वर्षांनी ती तपासून घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र आणि किटचा मंजुरीचा कागद तुमच्या गाडीच्या नावानं नसेल तर आरटीओ नोंद करणार नाही. शिवाय रेड्युसरचा पडदा रबराचा, तो कडक झालेला असणार. इंजेक्टरचे नोझल त्या गाडीच्या इंजिनाच्या मापाचे. मल्टिव्हॉल्व्हचा तरंगता काटा दुसऱ्या टाकीच्या उंचीचा असेल तर ८० टक्क्यांचा अडसरच चुकीच्या ठिकाणी लागतो. बारा हजारांत तुम्हाला वापरण्याजोगं मिळेल ते वायरिंग आणि डॅशबोर्डवरचा स्विच. मेहुण्याला सांगा, टाकी दुसऱ्या कुणाला विकू नका. गॅस पूर्ण काढून, भोक पाडून मगच भंगारात द्या.